सहकारी उभा राहिलाय म्हणून पहिली पसंती त्यालाच? माझं उत्तर होय आहे

खडूवाली_कोल्हापूर

परवा इथं 'संघटना_आधी' यांची पोस्ट वाचली आणि पेपर तपासायचं बाजूला ठेवून हे लिहितेय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की शिक्षक मतदारसंघात, म्हणजे जिथं शिक्षकच मत देऊन विधान परिषदेवर आमदार पाठवतात तिथं, आपल्या शाळेतला कुणी उभा राहिला म्हणून त्याच्या मागं धावायचं म्हणजे ग्रामपंचायतीला चुलता उभा राहिला की भावकी गुलाल घेऊन निघते त्यातला प्रकार, शिकलेल्या माणसानं शिक्षक संघटना ज्याला पाठिंबा देईल त्याला मत द्यावं आणि स्टाफरूममध्ये हा विषय काढूच नये.

मला हे पटलं नाही, आणि रागही आला.

आमच्या शाळेतले भूगोलाचे सर यंदा पुणे शिक्षक मतदारसंघातून अपक्ष उभे राहतायत. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. मी त्यांचा प्रचार करतेय आणि उघड करतेय. कारण एवढंच की बाकीच्या उमेदवारांबद्दल मला जे माहिताय ते त्यांच्या पत्रकातून, आणि सरांबद्दल माहिताय ते शेजारच्या खुर्चीवर बसून. त्यांच्या पिशवीत एक लांबट वही असते, किराणा दुकानात उधारीला असते तसली. डाव्या पानावर शिक्षकाचं नाव, शाळा, काय अडकलंय ते. मान्यता, पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी, वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव, मेडिकल बिल, काय असेल ते. उजव्या पानावर नुसत्या तारखा आणि आवक नंबर. प्रस्ताव कधी दिला, त्रुटी कधी निघाली, पूर्तता कधी केली, परत तीच त्रुटी कुणी काढली. या वहीत आमच्या शाळेची नावं कमी आणि दुसऱ्यांच्या शाळांची जास्त आहेत, राधानगरीची आहेत, शाहूवाडीची आहेत.

आमचा शिपाई नोकरीत असतानाच वारला. त्याच्या बायकोला कागद वाचता येत नव्हते. सर स्वतःची किरकोळ रजा टाकून तिच्याबरोबर ऑफिसात जायचे, आणि साहेब मीटिंगला गेलेत म्हटलं की बाकावर बसून राहायचे, तिला घरी पाठवून स्वतः बसायचे. कुटुंब निवृत्तीवेतन सुरू झालं तेव्हा शाळेत त्यांनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही, तीच पेढे घेऊन आली म्हणून आम्हाला कळलं.

एवढं डोळ्यानं बघितल्यावर मी काय संघटनेच्या ठरावाची वाट बघत बसू?

संघटना_आधी

मॅडम, पोस्ट माझीच आहे म्हणून उत्तर देतो. तुमचे सर चांगले आहेत, मान्य. असली माणसं दर तालुक्यात एक-दोन असतात आणि त्यांच्यामुळंच निम्मी शाळा चालते हेही मान्य. पण फाईल हलवणं हे आमदाराचं काम आहे का? विधान परिषदेत ७८ सदस्य, त्यात शिक्षकांतून जाणारे फक्त ७. त्या सातातला एक अपक्ष म्हणजे तो बोलणार कधी आणि ऐकणार कोण? सभागृहात लक्षवेधी सूचना लागण्यापासून मंत्र्याच्या दालनात बैठक लावण्यापर्यंत सगळ्याला मागं माणसं लागतात. वही घेऊन बाकावर बसणारा माणूस मुंबईतपण बाकावरच बसंल, हे मी हिणवून बोलत नाही, मला खरंच काळजी वाटते.

आणि खर्च? विधानसभेला निदान ४० लाखाची मर्यादा तरी आहे, परिषदेच्या निवडणुकीला मर्यादाच नाही. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे. चंदगडच्या शाळेत जाऊन आलेला माणूस जुन्नरला कधी पोचणार? मागं कारखाना नाही, संस्था नाही. सरळ सांगतो, ते हजार-दोन हजार मतं खातील आणि कोल्हापूरचा कुणी येणार असंल तर तो पडंल.

गणितवाले_सर

मध्येच बोलतो, कारण 'मतं खाणं' हा शब्द या निवडणुकीत आला की माझं डोकं फिरतं. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसांनापण हे समजून घ्यायचं नसतं काय?

इथं बटण दाबायचं नसतं, पसंतीक्रम लिहायचा असतो. १, २, ३ असे आकडे. वैध मतांच्या निम्म्यापेक्षा जास्त ज्याला मिळाली तो आला. पहिल्या पसंतीत कुणालाच तेवढी नाही मिळाली तर सगळ्यात खालचा उमेदवार बाद, आणि त्याच्या मतपत्रिकांवर दुसरी पसंती ज्याला आहे त्याच्या गठ्ठ्यात त्या जातात. मग त्याच्या वरचा बाद. असं कुणाचा तरी तो निम्म्यापुढचा कोटा पूर्ण होईपर्यंत. म्हणजे मॅडमनी सरांना १ दिलं आणि तुमच्या संघटनेच्या माणसाला २ दिलं, तर सर बाद झाल्यावर ते मत पूर्णच्या पूर्ण तुमच्या माणसाला जातं. काही वाया जात नाही.

वाया जातं ते वेगळ्या कारणानं. व्हॉट्सॲपवर दर वेळी एक मेसेज फिरतो की दुसरी पसंती दिली तर पहिल्याचं नुकसान होतं, फक्त १ लिहा. साफ खोटं आहे! तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत आहे तोवर तुमच्या दुसऱ्या पसंतीकडं कुणी बघतपण नाही. हा मेसेज ज्याला लोकांची दुसरी पसंती मिळणार नाही याची खात्री असते तोच पसरवतो.

आणि केंद्रावर दिलेला जांभळा स्केच पेनच वापरा. खिशातलं पेन काढायचं नाही, बरोबरची खूण करायची नाही, 'एक' असं अक्षरात लिहायचं नाही. पोरांचे पेपर तपासणारी माणसं स्वतःची मतपत्रिका बाद करून येतात, मतमोजणीला बसलो होतो तेव्हा बघितलंय.

संघटना_आधी

सर, कागदावर बरोबर आहे. पण किती जण दुसरी पसंती लिहितात? निम्मे नुसता १ लिहून येतात. मग तो गठ्ठा संपला की संपला. तेव्हा मतं खाल्लीच की.

गणितवाले_सर

मग दुसरी पसंती लिहायला शिकवा. उमेदवाराला उभं राहू नको म्हणण्यापेक्षा ते सोपं आहे.

चंदगडी

वरचं सगळं वाचलं. मॅडम, एक विचारतो, राग मानू नका. तुमचे सर शंभर टक्के अनुदानावर ना? दर महिन्याला पगार होतो ना? आमची शाळा कायम विनाअनुदानित म्हणून सुरू झाली, मग 'कायम' शब्द निघाला, मग २० टक्के अनुदान आलं, मग अनुदानाच्या पुढच्या टप्प्याची वाट. मी डी.एड., बी.ए., बी.एड., आणि उन्हाळ्यात काजूच्या कारखान्यात हिशेब लिहायला जातो. घरात मुलगी दहावीला आहे. २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर आम्ही पावसात बसलो होतो. तेव्हा तुमच्या सरांच्या वहीत आमचं पान होतं का?

भला माणूस असणं आणि आपला माणूस असणं यात फरक आहे. आमच्या शाळेत तुमचे सर येऊन गेले, चहा घेतला, चांगलं बोलले. टप्पा अनुदानावर विचारलं तर म्हणाले 'पाठपुरावा करू'. हे तर सगळेच म्हणतात.

खडूवाली_कोल्हापूर

चंदगडी दादा, राग कशाला मानू. तुमचा प्रश्न सरांपर्यंत पोचवते आणि उत्तर इथंच टाकते. पण एक सांगा, ज्यांनी तुम्हाला 'पाठपुरावा करू' पेक्षा जास्त काही सांगितलं, त्यातल्या किती जणांनी केलं?

चंदगडी

एकानंपण नाही. म्हणून तर कुणावरच विश्वास नाही.

गुरुजी_झेडपी

शिक्षक मतदारसंघ म्हणता आणि आम्हाला मतच नाही. हे कुणी बोलायचं? माध्यमिक आणि त्याच्या वरच्या शाळा-कॉलेजात गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेला तोच मतदार. पहिलीला बाराखडी शिकवणारा शिक्षक नाही, आठवी-नववीला शिकवणारा शिक्षक. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला रुपया दंड ठेवला, त्याच कोल्हापुरात प्राथमिकचा गुरुजी मतदार नाही. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा निकाल आला, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी असलेल्यांनी दोन वर्षांत पास व्हा म्हणून. पन्नाशीला आलेली माणसं रात्री मानसशास्त्राचं पुस्तक घेऊन बसल्यात. त्यांच्यासाठी विधान परिषदेत कोण बोलणार? तुमचे सर? त्यांना आमच्या मताची गरजच नाही तर ते का बोलतील?

निवृत्त_हेडमास्तर

गुरुजी, तुमचं दुःख खरं आहे. पण उलटी बाजूपण ऐका. मत द्यायला तीन वर्षं शिकवलेलं लागतं, उभं राहायला शिक्षक असणंही लागत नाही. वय ३० पूर्ण आणि राज्यात विधानसभेच्या यादीत नाव असलं की झालं. म्हणून तर बिल्डर, संस्थाचालक, कुणाचेही पुतणे उभे राहतात. त्यात एखादा खरोखरचा, फळ्याला पाठ न दाखवलेला शिक्षक उभा राहतोय तर मला बरं वाटतं. पहिल्या पसंतीचं माझं ठरलं नव्हतं, निवृत्त झाल्यावरही सहातली तीन वर्षं भरत असल्यामुळं नाव यादीत आहे.

यादी हा खरा विषय आहे. ही विधानसभेसारखी कायमची यादी नाही, दर वेळी कोरी पाटी. १ नोव्हेंबर ही तारीख धरून नमुना १९, म्हणजे नावनोंदणीचा फॉर्म, नव्यानं भरावा लागतो. गेल्या वेळी मत दिलंय म्हणून यंदा नाव असंलच असं नाही. आणि फॉर्मला सेवेचा दाखला कोण देतो? शाळेचा प्रमुख. मग ज्या संस्थेचा माणूस उभा आहे तिथले फॉर्म गठ्ठ्यानं जातात आणि नको असलेल्या शिक्षकाचा दाखला शिक्का सापडत नाही म्हणून राहतो. निवडणूक निम्मी तिथंच होते, आणि तेव्हा तुम्ही सगळे दिवाळीच्या सुट्टीत असता.

ज्युनिअर_मॅडम

मला खडूवाली मॅडमशी भांडायचंय. सरांच्या भलेपणाबद्दल नाही, 'मी उघड प्रचार करतेय' या वाक्याबद्दल.

आमच्या कॉलेजात एकदा पतसंस्थेच्या निवडणुकीला दोघं सहकारी समोरासमोर उभे राहिले. दोघंही चांगले, दोघांच्याही घरी आम्ही बारशाला जेवलोय. प्रचार सुरू झाला आणि स्टाफरूमचे दोन भाग झाले. डबे वेगळे, चहा वेगळा. मी एकाच्या पॅनेलच्या मीटिंगला गेले नाही तर पुढच्या टर्मला माझे सगळे तास शेवटचे लागले, आणि माझं लेकरू तेव्हा बालवाडीत होतं, त्याला आणायला कुणी नव्हतं. दोघांतला एक निवडून आला, एक पडला, वर्षभरात दोघं परत एकत्र मिसळ खायला जायला लागले. आमचं मात्र तुटलेलं तुटलेलंच राहिलं. माझ्या मैत्रिणीशी मी आजही फक्त परीक्षेच्या कामापुरतं बोलते.

तुमच्या शाळेत एखादी नवीन शिक्षणसेवक असंल, तिला तुमच्या सरांना मत द्यायचं नसंल, तर ती तुमच्यासमोर नाही म्हणू शकते का? तुम्ही सीनियर. सर सगळ्यांचे लाडके. ती बिचारी मान डोलावणार आणि घरी जाऊन रडणार. आपल्या माणसाच्या प्रचाराचा दबाव परक्यापेक्षा जास्त असतो.

खडूवाली_कोल्हापूर

मी कुणावर दबाव आणत नाही!! शाळेच्या वेळेत एक शब्द बोलत नाही, संध्याकाळी आणि रविवारी फिरते, स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून. तुमच्या कॉलेजात जे झालं ते वाईट झालं, पण ज्यानं टाइमटेबल लावलं त्याचा तो दोष. प्रचार करणं हा गुन्हा कसा?

ज्युनिअर_मॅडम

गुन्हा म्हटलंच नाही मी. बोलायची गरजच पडत नाही एवढंच म्हणतेय. तुमच्या टेबलावर त्यांची पत्रकं आहेत का नाहीत?

खडूवाली_कोल्हापूर

आहेत. उद्या उचलते. यावर तुमचं बरोबर आहे, बाकीच्यावर नाही.

संघटना_आधी

चला, एवढं तरी झालं.

आता मुद्द्यावर येऊ. जुन्या पेन्शनवर तुमच्या सरांची भूमिका काय? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं सोडा, ते मोठं आंदोलन आहे. त्याआधी नियुक्त झालेले, पण शाळा शंभर टक्के अनुदानावर नंतर आली म्हणून पेन्शन नाकारलेले, त्यांच्याबद्दल विचारतोय. मी त्यातला आहे. २००२ ला लागलो. शाळा अनुदानावर आली २००७ ला. माझ्याच गावात, माझ्याच वर्षी, दुसऱ्या शाळेत लागलेल्याला जुनी पेन्शन आणि मला नाही. तीच डिग्री, तेच पुस्तक, तीच पोरं. १४ मार्च २०२३ ला संप सुरू झाला तेव्हा दसरा चौकातून निघालेल्या मोर्चात मी पुढं होतो. सात दिवसांत संप मागं घेतला, कशाच्या जोरावर घेतला ते नेत्यांना विचारा. मला ५८ ला घरी बसायचंय आणि हातात काय येणार ते कुणी सांगत नाही.

चंदगडी

तुम्हाला निदान २००७ ला शंभर टक्के मिळालं की. आम्हाला पेन्शन नको, आधी पगार द्या. प्रत्येक मोर्चात तुमचं 'एकच मिशन, जुनी पेन्शन' पुढं आणि आमचा बोर्ड शेवटी. संघटना संघटना म्हणता, वर्गणी आमच्याकडूनपण घेता.

संघटना_आधी

वर्गणीचं काढू नका. तुमच्या उपोषणाला पाण्याच्या बाटल्या कुणी पोचवल्या विचारा.

चंदगडी

पाण्याच्या बाटल्या! वीस वर्षं झाली राव नोकरीला, आणि तुम्ही बाटल्या मोजताय? मला पोरीच्या क्लासची फी भरता येत नाही म्हणून मी तिला घरी शिकवतोय, आणि रोज दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायला दहा किलोमीटर जातोय. तुमच्या पेन्शनला माझा विरोध कधीच नव्हता. पण तुम्ही निवृत्तीनंतरचं बोलताय आणि मी या महिन्याचं.

गुरुजी_झेडपी

दोघंही भांडताय आणि दोघांनापण मत आहे. मला ते पण नाही.

निवृत्त_हेडमास्तर

जरा थांबा. २००५ च्या आधीचे, नंतरचे, विनाअनुदानित, अंशतः अनुदानित, प्राथमिक, ज्युनिअर, तासिकेवाले. शासनानं आपले एवढे तुकडे केलेत की एका मोर्चात चालताना पण आपण एकमेकाचा बोर्ड बघतो. मी मुख्याध्यापक असताना एकाच स्टाफरूममध्ये चार प्रकारचे पगार होते. एकाचा पगार झाला की तो मोबाईल खिशात लपवायचा, मेसेजचा आवाज नको म्हणून. शेजारी बसलेल्याचा झालेला नसायचा.

संघटना_आधी, तुमच्या पेन्शनचा प्रश्न न्यायाचा आहे, माझ्या शाळेतले तिघं त्यात अडकलेत. पण तुमच्या संघटनेनं गेल्या तीन निवडणुकांत पाठिंबा देताना उमेदवाराकडून या विषयावर लेखी काय घेतलं? काही नाही. जेवणं झाली, शाल-श्रीफळ झालं. मग मॅडमच्या सरांना एवढी कडक परीक्षा का?

संघटना_आधी

लेखी घ्यायला पाहिजे होतं. बरोबर आहे तुमचं. पण म्हणून ओळखीवर मत द्या हे सिद्ध होत नाही.

खडूवाली_कोल्हापूर

ओळखीवर नाही हो, कामावर! एवढं लिहूनपण तुम्ही ओळख म्हणताय. माझी ओळख तर गल्लीतल्या नगरसेवकाशीपण आहे, त्याच्यासाठी मी एक पत्रक वाटलेलं नाही. मी ज्याला रोज बघते, चिडलेला बघितलाय, हरलेला बघितलाय, साहेबानं अपमान केल्यावर जिना उतरून परत त्याच टेबलाला गेलेला बघितलाय, त्याच्याबद्दल माझा शब्द पत्रकापेक्षा वजनदार आहे. तो सभागृहात भाषण चांगलं करंल का, मला माहीत नाही. पण विकला जाणार नाही. ज्या निवडणुकीत मतदानाच्या आधल्या रात्री शिक्षकांच्या दारात पाकिटं येतात असं आपणच एकमेकाला सांगतो, तिथं हा गुण छोटा आहे काय? पाकीट घेणाऱ्या शिक्षकानं दुसऱ्या दिवशी वर्गात नागरिकशास्त्र कसं शिकवायचं?

ज्युनिअर_मॅडम

पाकिटाचं खरं आहे. आमच्याकडं गेल्या वेळी भेटवस्तू आली होती, घरी मिस्टरांनी घेतली, मी परत पाठवली, त्यावरून आठवडाभर भांडण. तुमचे सर तसलं काही वाटणार नाहीत एवढ्यासाठी तरी मी त्यांचं पत्रक वाचीन. पण माझ्या टेबलावर नको, घरी पाठवा.

गणितवाले_सर

आणि पत्रकावर दुसरी पसंती लिहायची का नाही ते स्पष्ट छापा. त्यांनीच 'फक्त १ लिहा' छापलं तर मी पहिला विरोधात.

खडूवाली_कोल्हापूर

आत्ता सरांशी फोनवर बोलले. तीन गोष्टी. टप्पा अनुदानावर ते म्हणाले की शब्द देणार नाही, पण अर्ज भरायच्या आधी चंदगड, आजरा, भुदरगडच्या विनाअनुदानित शिक्षकांबरोबर गडहिंग्लजला बसतो आणि तिथं जे ठरंल ते पत्रकात पहिल्या नंबरला छापतो. २००५ आधीच्या पेन्शनवर लेखी द्यायला तयार आहेत, मजकूर संघटना_आधी यांनी लिहावा, ते सही करतील. प्राथमिकच्या मताधिकारावर त्यांनी सरळ सांगितलं की तो संविधानाच्या कलम १७१ चा विषय आहे, आमदाराच्या हातात नाही, खोटं आश्वासन देणार नाही. टीईटीबद्दल मात्र बोलणार.

गुरुजी_झेडपी

खरं बोलले हे तरी बरं केलं. मत नाही, पण माझी बायको हायस्कूलला आहे. तिचं ती ठरवंल, मी पत्रक देतो तिला.

चंदगडी

गडहिंग्लजला रविवारी ठेवा, शनिवारी आमची शाळा असते. आणि नुसता चहा नको, वही घेऊन या म्हणावं. आमच्या इकडचं पान कोरं आहे.

संघटना_आधी

मजकूर मी लिहून पाठवतो. एक शब्द बदलला तरी मान्य करणार नाही. सही झाली तर दुसरी पसंती तुमच्या सरांना, आणि आमच्या तालुक्यात तसं सांगीन. पहिली नाही. ती संघटनेचीच.

गणितवाले_सर

२ लिहिताना आकड्यात लिहा, म्हणजे झालं.